शनिवारची शर्यत

"आपल्याकडे पिंग किती येतं?"

परक्या दारात उभा राहून मी हा प्रश्न विचारला, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंनी आधी माझ्या धोतराकडे पाहिले, मग हातातल्या छत्रीकडे, आणि आत वळून नवऱ्याला सांगितले की कोणी आजोबा आले आहेत, रक्तदाबाचे काहीतरी विचारताहेत. नवरा बाहेर आला. मी नाव सांगितले. "उमराणीकर सर? संस्कृतचे?" असे म्हणून त्याने मला हाताला धरून आत नेले. मग मी माझे काम सांगितले. तुमच्याकडे अमुक कंपनीचे इंटरनेट आहे असे कळले; संध्याकाळच्या या वेळी, सारी गल्ली त्यावर असताना, आपल्या घरातून पाठवलेला निरोप परत यायला किती विलंब लागतो, तेवढे मला पाहायचे आहे. दोघेही हसले. चहा झाला. त्याने संगणकावर चाचणी लावली, आकडा वरखाली नाचू लागला, आणि मी मान हलवून उठलो. ही जोडणी उपयोगाची नव्हती.

त्या पंधरवड्यात मी अशी बरीच घरे हिंडलो. या गोष्टीला आता काही वर्षे लोटली. इतक्या घरांतून इतका चहा मी त्याआधी कधी घेतला नव्हता, नंतरही नाही.

जोडणी हवी होती ती निरंजनरावांसाठी. निरंजनराव म्हणजे माझे जावई, माझी एकुलती एक मुलगी मैत्रेयी हिचे यजमान. मैत्रेयीला जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. तिची आई त्याआधीच गेलेली, त्यामुळे सांगलीच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या जागेत मी एकटा राहत असे. मुलगी गेल्यावर जावयाचे येणे हळूहळू थांबते, असे मी पुष्कळ घरांत पाहिले होते. निरंजनरावांचे थांबले नाही. दोन-एक महिन्यांनी ते पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी येत. मी पाट मांडीत असे, ताटाभोवती रांगोळीची रेघ ओढीत असे, आणि ते हात धुऊन, मी "बसा" म्हणेपर्यंत उभे राहत. माझ्या वडिलांनी आपल्या जावयांना जसे वागवले तसेच मी वागवीत होतो. दुसरी रीत मला ठाऊक नव्हती. शनिवारी दुपारचे जेवण झाले की ते पिशवी उचलीत.

"आज शर्यत असते, बाबा," ते म्हणत. "तुमच्याकडचं नेट तेवढं चालत नाही. नाहीतर राहिलो असतो."

"असू द्या. शर्यत चुकवू नका," मी म्हणत असे.

ही शर्यत म्हणजे संगणकावरची मोटारींची शर्यत. दर शनिवारी संध्याकाळी देशोदेशींची मंडळी आपापल्या घरी चाक धरून बसतात आणि एकाच रस्त्यावर गाड्या पळवतात, हे मला मैत्रेयीनेच समजावले होते. एका दिवाळीत निरंजनरावांनी ते चाक आमच्याकडे आणले होते. आमच्या जुन्या टेलिफोनच्या तारेवरून त्यांनी शर्यत सुरू केली खरी, पण थोड्याच वेळात ते बाजूला झाले. त्यांची गाडी इतरांना या वळणावर दिसे आणि निमिषात पुढच्या वळणावर. शेजारून जाणाऱ्याला धक्का बसे. आपल्यामुळे दुसऱ्याची शर्यत बिघडू नये म्हणून त्यांनी चाक सोडले. मी मैत्रेयीला म्हटले, मग जास्त वेगाचे इंटरनेट घेऊ. ती म्हणाली, "वेग नाही हो बाबा. तुम्ही पाठशाळेत संथा म्हणायचात ना, गुरुजी एकदा सांगणार आणि तुम्ही दोनदा म्हणणार? त्यात एखादा मुलगा मागे पडला तर? तो कितीही मोठ्यांदा म्हणेना का, संथा मोडतेच. तसं आहे हे. हाक गेली की ओ वेळेवर यायला हवी, आणि प्रत्येक वेळी सारख्या वेळात."

तिचे ते बोलणे माझ्या मनात राहिले होते. शिकवावे तर असे, असे तेव्हा वाटले होते.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक महिन्यात मुलगी आणि जावई यांना लक्ष्मीनारायण मानून जेवू घालतात, दिव्यासह तेहतीस अनारशांचे वाण देतात. मैत्रेयीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना तिच्या आईच्या आजारपणात गेला होता, दुसरा काही ना काही कारणाने. हा तिसरा. मी पंचांग उघडले. निरंजनरावांनी ज्या आठवड्यात येईन असे कळवले होते, त्यातला शनिवार एकादशीचा निघाला. एकादशीला पुरणाचे धोंडे कसे घालणार? द्वादशी रविवारी. म्हणजे वाण द्यायचे तर जावयांना शनिवार ओलांडून ठेवून घ्यायला हवे होते. आणि शनिवारी शर्यत.

अनारसे करून देण्याची गळ मी खालच्या मजल्यावरच्या शरयूताईंना घातली. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. बोलण्याला धार, पण हाताला चव. त्यांनी तांदूळ भिजत घालण्याचे कबूल केले आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"सर, एक विचारू? मुलगी नाही, मग वाण घेणार कोण? अर्धं जोडपं?"

मी म्हटले, मुलगी नसल्यास जावयाला वाण देऊ नये असे मला कोठेही आढळले नाही.

"द्यावं असंही नसेल आढळलं."

ते खरे होते. तेवढ्यावर न थांबता त्या म्हणाल्या, "आणि मलमासात नवीन काही सुरू करू नये म्हणता ना तुम्ही? मला फ्रिज घेऊ दिला नाहीत. मग हे इंटरनेट कसं चालतं?"

मी त्यांना समजावले की मलमासात निषेध आहे तो काम्य कर्माचा, म्हणजे स्वतःच्या इच्छेपोटी आरंभलेल्या गोष्टींचा. अतिथीची सोय हे नित्य कर्म. त्याला महिना आडवा येत नाही.

"छान," शरयूताई म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी फ्रिज अतिथीसाठी घेते."

तर असा माझा शोध सुरू झाला. आमच्या केबलवाल्याची जोडणी स्वस्त होती, पण संध्याकाळ झाली की मंदावे. दुसऱ्या कंपनीची तबकडी गच्चीवर बसे, तिला पावसाची झड सोसत नसे. सगळे विक्रेते वेगाचीच थोरवी गात. शंभर घ्या, दोनशे घ्या, सिनेमा पाण्यासारखा वाहील. मी म्हणे, मला सिनेमा पाहायचा नाही. निरोप किती वेळात परततो ते सांगा. तेव्हा ते गडबडत. म्हणून मी विक्रेत्यांना सोडून त्यांच्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊ लागलो.

अखेर डॉक्टर मुजावर भेटले. आमच्याच रस्त्यावरचे दंतवैद्य, चाळिशी उलटलेले; दवाखाना बंद झाला की तेही शर्यती खेळत. त्यांनी काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी घेतली होती. त्यांच्या पडद्यावरचा आकडा लहानसा होता आणि जागचा हलत नव्हता. माझा हेतू कळल्यावर ते फार आस्थेने बोलले. भिंतीतून वाय-फाय नको, यंत्रापासून संगणकापर्यंत तार ओढून घ्या, खोलीत टेबल कोठे असावे, सारे सांगितले. मग त्यांनी मला शेजारी बसवून एक शर्यत खेळून दाखवली. आरंभीच्या रेघेवर गाड्यांची नुसती खेचाखेच होती. वर एक लहानसा आरसा, त्यात मागून अंगावर येणाऱ्या गाड्या. कानात वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांचे ओरडणे, हसणे. इतकी माणसे एका खोलीत आलेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

निघताना त्यांनी आपले जुने चाक आणि पायाने दाबायच्या पेडलांची फळी पोत्यात घालून माझ्या घरी पोहोचवली. "जावई चाक बरोबर आणणार नाहीत, सर. मग ऐन वेळी पंचाईत," ते म्हणाले. त्यांच्या या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटले.

जोडणी झाली. मैत्रेयीच्या खोलीतले टेबल मी खिडकीपाशी सरकवले, त्यावर चाक आवळून बसवले, भिंतीच्या कडेने तार आणली. माणसे निघून गेल्यावर मी त्या खुर्चीत थोडा वेळ बसलो, आणि मग उठून दार लावून घेतले. निरंजनरावांना मी काहीच कळवले नव्हते.

शुक्रवारी ते आले. जेवण नेहमीप्रमाणे झाले. ते पाटावर बसले, मी वाढले. ते पुरे म्हणाले, मी आग्रह केला. झोपण्याची व्यवस्था नेहमी बाहेरच्या खोलीत असे, त्यामुळे आतले दार त्यांनी उघडले नाही. शनिवारी एकादशीची भगर-आमटी झाल्यावर त्यांनी पिशवी उचलली. "निघतो, बाबा. शर्यत..."

मी म्हटले, "पिशवी ठेवा. जरा इकडे या."

मी दार उघडले. ते उंबऱ्यात उभे राहिले. मी त्यांना चाक दाखवले, तार दाखवली. विलंबाचा आकडा सांगितला आणि तो दिवसभरात हलत नाही हेही सांगितले. उद्या द्वादशीला वाण आहे, तेव्हा आज शर्यत इथूनच करावी, असे म्हटले. त्यांनी चाकावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"मैत्रेयीने सांगून ठेवले होते काय पाहायचे ते. मी फक्त हिंडलो."

ते दुपारभर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले. एकदा शरयूताई अनारशांचा डबा द्यायला आल्या, तेव्हा उठून उभे राहिले, आणि त्या गेल्यावर पुन्हा बसले. शर्यतीपूर्वी माणसाला अशी एकाग्रता लागत असेल, असे मी समजलो.

दिवेलागणीला ते खोलीत गेले. त्यांनी आपला संगणक जोडला, बराच वेळ काहीतरी उतरवून घेतले, कानांवर हेडफोन चढवले. मी मागे पलंगाच्या कडेला बसलो. पडद्यावर हिरवा डोंगर आणि त्यातून जाणारा काळा रस्ता उमटला. गाडी निघाली. त्यांचे हात सुरेख चालत होते. वळण येण्याआधीच चाक वळू लागे. गाडी कोठे अडखळली नाही. मला फार समाधान वाटले.

थोड्या वेळाने मी विचारले, "बाकीचे कोठे आहेत?"

"मागे आहेत, बाबा," ते म्हणाले.

मी वरच्या लहान आरशाकडे पाहिले. मुजावरांच्या पडद्यावर तो आरसा गाड्यांनी गच्च भरला होता. इथे त्यात रस्ता होता, झाडे होती, आणि आकाश. मला वाटले, फार पुढे गेले असतील. एक वळण गेले, दुसरे गेले. साऱ्या रस्त्याचा फेरा पुरा झाला. आरंभीची रेघ पुन्हा आली. तीही रिकामी. हेडफोनमधून कोणाचाही आवाज येत नव्हता. ते मात्र मन लावून चालवीत होते, अधूनमधून "हं, आला तो" असे पुटपुटत होते, आणि ते माझ्यासाठी होते.

गाडी थांबली. त्यांनी हेडफोन काढले. "झाली, बाबा. पहिला आलो."

मला "छान" म्हणून उठता आले असते. पण जन्मभर मुलांना म्हणत आलो की जे समोर लिहिले आहे ते वाचा.

"निरंजनराव, रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं."

त्यांचे हात चाकावर तसेच राहिले. "नव्हतं," ते म्हणाले.

"आज शर्यत नव्हती का?"

"असेल. मी नसतो त्यात. मैत्रेयी गेली आणि मी ते सोडलं. चाकसुद्धा विकलं."

"मग दर शनिवारी जाता कोठे?"

"घरी."

"घरी कोण असतं?"

"कोणी नसतं."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करीत होते, ती सुरू होईना. आम्ही दोघेही तिकडे कान देऊन बसलो. मग मी विचारले, "एकटे बसायला इथून उठून जाता?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तिथे मी एकटा असतो, बाबा. इथे पाहुणा असतो. मैत्रेयी होती तेव्हा तुम्ही पाट मांडलात की ती स्वयंपाकघरातून मला वेडावायची. जावईबापू, अजून एक पोळी घ्या, म्हणायची. तेव्हा ते गमतीचं होतं. आता तुम्ही रांगोळी काढता, मी जेवतो, आणि हसायला कोणी नाही. मला इथे चहा करून घेता येत नाही. पाण्याचा पेला विसळायला गेलो तर तुम्ही हातातून घेता. पाहुण्याने किती राहायचं? एक दिवस. म्हणून मी एक दिवस राहतो." त्यांनी तारेकडे पाहिले आणि ओठ किंचित हलले. "नेट वाईट आहे म्हणालो, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही नेटच आणाल असं वाटलं नव्हतं."

सभ्य माणसाने दाराला लावलेला पडदा मी दोन आठवडे खपून, घरोघर विचारून, मोठ्या विद्वत्तेने काढून टाकला होता.

"आणि उद्याचं वाण मला नको, बाबा," ते हळूच म्हणाले. "रागावू नका. जमणार नाही मला. तिच्याशिवाय त्या पाटावर नाही बसणार."

मी रागावलो नाही.  उठून देवापाशी गेलो, वातीला तेल घातले, विष्णुसहस्रनाम म्हणायला बसलो, आणि पाठ असलेले स्तोत्र मध्येच एके ठिकाणी सुटले. पुन्हा मागे जाऊन धरावे लागले. जावई हे नाते मुलीमुळे येते. तो पाट मी निरंजनरावांसाठी मांडीत होतो असे मला वाटत असे. ज्याच्यासमोर पाट मांडायचा असा जावई जोवर या घरात येत होता, तोवर माझी मुलगी सासरी होती. एवढेच माझ्यापाशी उरले होते, आणि तेच ते माझ्याकडून मागत होते.

सकाळी स्नान करून, स्वयंपाकाला हात न लावता, मी वाणाची तयारी केली. ताम्हनात अनारसे रचले, मध्ये दिवा ठेवला, वर वस्त्र झाकले. निरंजनराव बाहेरच्या खोलीत तोंडावर चादर घेऊन निजले होते. पिशवी दारापाशी भरलेली होती. मी त्यांना उठवले नाही. ताम्हन घेऊन विष्णूच्या देवळात गेलो.

पुजारी ओळखीचे. त्यांनी विचारले, "जावई आले नाहीत का या खेपेला?"

"आले आहेत," मी म्हटले. "निजले आहेत."

संकल्पाच्या वेळी त्यांनी मुलीचे आणि जावयाचे नाव घेण्यासाठी माझ्याकडे पाहिले. मी माझे एकट्याचे नाव आणि गोत्र सांगितले. त्यांनी क्षणभर थांबून तेच उच्चारले. मी वाण देवापुढे सरकवले आणि हातावरून पाणी सोडले.

त्यानंतर मी मंडपात बसून राहिलो. द्वादशीची गर्दी होती. मुली आणि जावई जोडीने येत होते, कोणी नवी नथ सावरीत, कोणी सदऱ्याची घडी मोडीत. एका ओळखीच्या बाईंनी विचारपूस केली, मी यथोचित बोललो. घरी जाण्याची मला घाई नव्हती. ती भरलेली पिशवी दारापाशी नसेल, याची मला बरीचशी खात्री होती.

दुपार टळू लागली तेव्हा एकदम आठवले की कालपासून त्यांच्या पोटात धड अन्न नाही. गेले नसतील तर मी येईपर्यंत ताटकळत बसले असतील. "बसा" म्हटल्याशिवाय हा माणूस जेवत नाही. मी उठलो आणि झपाझप चालत सुटलो. जिन्यात दोनदा कठड्याला धरून थांबावे लागले.

दार लोटलेले होते. स्वयंपाकघरात ओट्यावर भाताचे पातेले, त्यावर ताटली; आमटी झाकलेली. मी झाकण काढले. दोन्ही पातेल्यांतले निम्मे संपले होते. मोरीत एक ताट पडले होते, पाणी घालून ठेवलेले, विसळायचे राहिलेले. जेवून घेतले होते. माझी वाट न पाहता, न विचारता.

मी आत डोकावलो. मैत्रेयीच्या पलंगावर तो पालथा झोपला होता, एक पाय बाहेर टाकून, तोंड किंचित उघडे. मी दार ओढून घेतले.

मग ताट घेतले, वाढून घेतले, ओट्यापाशीच खाली बसलो आणि एकटा जेवलो. आमटीत मीठ जास्त झाले होते.